मागचं दार बुजवलेलं घर

१

जळालेल्या घरात गेलं की लोक मला आधी चहा देतात आणि मग थोडंसं खोटं सांगतात. चहा मी पिते, खोटं ऐकून घेते. विमा कंपनीच्या वतीनं नुकसानीची पाहणी करायची हे माझं काम. इतक्या वर्षांत एवढं कळलंय, की ज्याचं घर जळालं तो लबाड असतोच असं नाही, घाबरलेला मात्र असतो.

कुंभार पिंपळगावला मच्छिंद्ररावांच्या घरी पोचले तेव्हाही चहा आला, गोडमिट्ट. पुढच्या खोलीत तुरीच्या पत्र्याच्या कोठीला टेकून मी तो प्यायले. उठताना पाहिलं तर पदराला करडा डाग. धुराची काजळी असेल म्हणून मी झटकला आणि मनातल्या मनात चरफडले, कारण साडी नवी होती. मग लक्षात आलं, की या खोलीपर्यंत आग आलीच नव्हती. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या.

मागची खोली मात्र पार कोळसा झाली होती. वरचे पत्रे वाकलेले, पत्र्याखालचं थर्माकोल नाहीसं झालेलं, आणि त्याखाली लावलेलं प्लास्टिकचं सिलिंग वितळून भिंतीवरून ओघळलेलं. मधल्या खोलीचं दार आणि कपाटही होरपळलं होतं. नशीब एवढंच, की माणसं वाचली. मच्छिंद्ररावांची मुलगी शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला आणि तान्ह्या मुलीला आईनं, म्हणजे सगुणाबाईंनी, पुढच्या दारानं बाहेर काढलं होतं.

"कुणामुळं झालं सांगू का?" मच्छिंद्रराव म्हणाले. "त्या नदीममुळं. वायरिंग त्याचीच. काम करून गेला अन् आग लागली. माझी लेक अन् नात जागेवर गेली असती, मॅडम!"

"आग लागताना तुम्ही पाहिलीत?"

"म्या शेतात गेल्तो. हिनं पाह्यलं."

सगुणाबाई दारात उभ्या होत्या. "वरून ठिणग्या पडल्या," त्या म्हणाल्या. "वायरीतून." बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"तुमच्या पॉलिसीत मागं उघडं अंगण आहे आणि अंगणातून बाहेर पडायला मागचं दार आहे," मी मच्छिंद्ररावांना म्हणाले. "इथं तर खोली आहे, आणि दार विटांनी बुजवलेलं."

"अंगणावर पत्रे टाकले, भिंत घेतली. आपल्या घरात आपण काय बी करावं, त्यात कंपनीला काय इचारायचं?"

हे वाक्य मला पाठ झालंय. विमा उतरवलेल्या घरात असा बदल केला की तो कळवायचा असतो, कारण घराला असलेला धोका बदलतो. पण पत्रे टाकताना गवंडी आठवतो, सुतार आठवतो, विमा कुणाला आठवतो? मी काही बोलायच्या आत कंपनीतल्या साहेबांचा फोन आला.

"इलेक्ट्रिशियनची चूक आहे ना? तेवढं नीट लिहा," मी वाढीव खोलीचं सांगितल्यावर साहेब म्हणाले. "वाढीव खोलीचं काय कापायचं ते कापू, बाकीचे पैसे देऊ आणि त्याच्याकडून वसूल करू. कोर्टात खेचू लागलं तर."

फोन ठेवला आणि मला तो न पाहिलेला नदीम दिसायला लागला. गावात त्याच्या नावानं ओरड झालेलीच होती. माझी एक ओळ पडली, की दुकान, हत्यारं, सगळंच जाणार. मी तडक बाजाराच्या रस्त्यावर त्याच्या दुकानी गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले, तर तिशीतला एक पोरगेला माणूस स्टुलावर बसलेला. मी कोण ते सांगताच तो म्हणाला, "लिहून टाका, मॅडम. माझ्याच हातानं झालं असंल."

२

कबुलीजबाब इतका स्वस्तात मिळाला की मला संशय येतो. "असेल म्हणजे काय? झालं की नाही?"

"रोज एकेक जोड आठवून राह्यलो. हा नीट आवळला व्हता का, त्याच्यावर टेप बराबर लावली व्हती का. एखादा राह्यला असंल." त्याचे डोळे तांबारलेले होते. "साळेचं काम व्हतं माझ्याकडं, ते दुसऱ्याला दिलं लोकांनी. ते जाऊ द्या. त्या घरात लेकरू व्हतं, मॅडम."

आतल्या पडद्यामागून त्याची बायको आसिफा तरातरा बाहेर आली. "ये कुछ भी बोलते मॅडम, आप मत लिखो! उस दिन लाइट ही नई थी. लाइन का काम चालू था, दोपहर से गाँव में अंधेरा. बिना लाइट के वायर कैसी जलेगी?"

"इन्व्हर्टर व्हता ना," नदीम पुटपुटला.

"इन्व्हर्टरची वायर मागच्या खोलीत नेलीय?" मी विचारलं.

"न्हाई. फकस्त पुढच्या दोन खोल्यांत. पण लाइट मधीच येऊन गेली असंल तर? एक सेकंद बी पुरतो." त्यानं मान खाली घातली. "म्या काकांना सांगितलं व्हतं, थर्माकोल बिलकुल नको. मागचं दार राहू द्या. ते म्हणले, तू वायर वढ, घर माझं हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. संन्यासीच फास शोधत बसलाय, असं पहिल्यांदा पाहिलं. मी परत फिरले आणि जळक्या खोलीत शिरून वरच्या वायरी एकेक करून पाहिल्या. वीज चालू असताना वायरी जळून एकमेकींना चिकटल्या, तर तांबं वितळतं आणि टोकाला मणी धरतो. वरचं प्लास्टिक जळून गेलं होतं, पण तांबं शाबूत होतं. एकही मणी नव्हता.

मग भिंती पाहिल्या. एका कोपऱ्यात गिलावा जमिनीपासून तडकून पडला होता. तिथला काळा डाग खाली चिंचोळा होता आणि वर जाताना रुंद झाला होता. आग वरून आली की आधी वरचं जळतं. ही खालून, जमिनीवरून उठली होती, आणि तिथं वायर सोडाच, साधं बटणसुद्धा नव्हतं. सगुणाबाईंनी वरून पडताना पाहिलेल्या ठिणग्या पडल्याच नव्हत्या.

बुजवलेल्या दाराकडं वळले. सकाळी फक्त वरच्या विटा दिसल्या होत्या; आता लोंबता पत्रा बाजूला सारला, तर खाली माणूस शिरेल एवढं भगदाड होतं. मच्छिंद्ररावांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विटा सगळ्या आत पडलेल्या. भिंत कुणीतरी बाहेरून फोडली होती.

३

भगदाडातून पलीकडं कल्याणराव बैलांना पाणी दाखवत होते. मच्छिंद्ररावांचे चुलतभाऊ, मागच्या वावराचे मालक. दोघांत बोलणं बंद आहे हे मला एव्हाना तिघांनी न विचारता सांगितलं होतं.

"भिंत कुणी फोडली?"

"म्या. पहारीनं." त्यांनी बादली खाली ठेवली. "त्यो काय म्हणतो, म्या आग लावली?"

"अजून म्हणाले नाहीत. पण तुमचं भांडण आहे."

"हाय ना! त्याच्या घरच्या बाया माझ्या वावरातून उकिरड्यावर जायच्या, रोज पेरलेलं तुडवायच्या. म्या काटे लावले. त्याला आला राग. तुझं तोंड बघायचं न्हाई म्हणला अन् मागचं दारच चिणून टाकलं." कल्याणरावांचा आवाज चढला. "धूर दिसला तसा पळत आलो. मोटार चालंना, लाइट न्हाई. हौदातून बादल्या भरल्या, पण टाकू कुठून? मागून वाटच ठेवली न्हाई गड्यानं! मंग घेतली पहार. भांडण माझं मच्छिंद्राशी हाय, त्या लेकराशी न्हाई."

मला या माणसाचं कौतुक वाटलं, आणि मी तसं बोलून दाखवलं. ते लाजून बैलाची पाठ थोपटायला लागले. लाइट नव्हती याला आता दुसरा साक्षीदार मिळाला होता, आणि तोही नदीमचा कुणी नव्हे.

"एक सांगू का, मॅडम?" ते थोड्या वेळानं म्हणाले. "त्यांच्या घरात गॅस हाय. पण पोरगी आल्यापासून सकाळ-संध्याकाळ गोवरीचा धूर येऊन राह्यला होता. खिडक्या लावून घ्यायचे अन् धूर फटीतून निघायचा. आता गॅसवर सैपाक करणाऱ्या घरात गोवरी कशाला?"

मी उकिरड्याकडं पाहिलं. वावराच्या कडेला तो होता तसाच होता, त्याच्यावर गवत माजलेलं. दार बुजवल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. पुढं सिमेंटच्या गट्टूंचा रस्ता, तिथं झाडून लख्ख. मग रोजच्या गोवऱ्या जळतात, तर त्यांची राख जाते कुठं?

४

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या पुरुषाला शिरू देत नाहीत. माझ्या जागी दुसरा कुणी सर्वेअर असता तर त्याला ओसरीवरूनच परत जावं लागलं असतं. मी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि सरळ आत गेले.

आगीनंतर शालूची बाज मधल्या खोलीतून पुढच्या दुसऱ्या खोलीत आणली होती. डोक्याला रुमाल, कानात कापूस, आणि खोलीभर ओव्याचा वास. मुलगी दुपट्यात मुटकुळं करून झोपलेली. मी बाळाचं कौतुक करायच्या निमित्तानं वाकले आणि बाजेखाली नजर टाकली. सुंभ वरून पांढरं होतं. खालून मात्र धुरानं तपकिरी झालेलं, बरोबर मधोमध.

"माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं मला असंच भाजून काढलं होतं," मी हसून म्हणाले. "बाजेखाली शेगडी, गोवरीचा विस्तव, त्यावर ओवा आणि शेपा. घाम निथळायचा नुसता. तुला रोज देतात का शेक?"

शालूचा चेहरा उतरला. ती दाराकडं बघायला लागली.

"शालू, तुमच्या घरी वायरिंग करणाऱ्या नदीमवर सगळं खापर फुटतंय."

तेवढ्यावर तिला रडूच फुटलं. "ताई, यांना सांगू नका. आदिनाथला... माझ्या मालकांना." नवरा जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात नोकरीला. मुलगी जन्मली तेव्हा तिला श्वास नीट घेता येत नव्हता, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली होती. धूर बिलकुल नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "त्याच बोलीवर पाठवलं मला माहेरी. आईला सांगितलं व्हतं म्या. पण ती म्हणली, शेक न्हाई घेतला तर जल्मभर कंबर धरंल. धूर व्हायला लागला की लेकराला ती पुढच्या खोलीत घेऊन बसायची. त्यांना कळलं तर ते उद्याच येऊन आम्हाला नेतील, अन् आईला परत नातीचं तोंड बघू द्यायचे न्हाईत."

"मग राख कुठं टाकायची तुझी आई?"

शालूला ठाऊक होतं, आणि आगीच्या दिवसापासून ते तिला आतून खात होतं, हे तिच्या हातांकडं बघूनही कळत होतं. दुपट्याचं टोक पिळून पिळून तिनं दोरी करून टाकली होती.

"तिला काय इचारता?" दारातून आवाज आला. सगुणाबाई आत आल्या आणि त्यांनी मागं कडी लावली. "मला इचारा."

५

"इथं नको," मी म्हणाले. "मागं चला. आणि मच्छिंद्ररावांना बोलवा. नदीमलाही."

सगुणाबाईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि कडी काढली. नदीम आला तो आसिफानं ढकलल्यासारखा. कल्याणराव न बोलावताच भगदाडाशी येऊन उभे राहिले, आणि मच्छिंद्ररावांनी त्यांना जा म्हटलं नाही.

"जळक्या घरात राख लपते," मी सुरुवात केली. "सगळीकडं राखच असते, कोण बघतंय? मीसुद्धा तुडवत फिरले सकाळी."

कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकचा एक गोळा जमिनीला चिकटला होता. मी खुरपं मागून घेतलं आणि तो उचकटला. वरचा थर काळा, चिकट, प्लास्टिकचा. त्याखाली मात्र पांढरी, पिठासारखी मऊ राख होती, एक खडा नसलेली.

"हे पिंप होतं. आणि ही गोवरीची राख, चाळणीनं चाळलेली. आग विझल्यावर कुणी राख चाळून पिंपाखाली ठेवत नाही, म्हणजे ही आगीच्या आधीची. राख चाळून कशासाठी ठेवतात, ते माझ्या पदरावर लिहिलंय." मी डाग दाखवला. "पुढच्या कोठीतल्या तुरीला राख चोळलीय, कीड लागू नये म्हणून. उरलेल्या तुरीसाठी आणखी लागणार, म्हणून इथं साठवण चालू होती."

"मंग त्यात काय?" मच्छिंद्रराव म्हणाले. "माझी आई बी ठेवायची."

"कुठं ठेवायची?"

त्यांची नजर वरच्या पत्र्यांकडं गेली. "घमेल्यात. अंगणात."

"बरोबर. लोखंडी घमेलं आणि उघडं अंगण. आत एखादा निखारा राहिला तरी आपोआप विझायचा, आणि नको असलेली राख मागच्या दारानं उकिरड्यावर जायची. म्हणून ती पुरती गार झाली का हे बघायची सवयच कुणाला नव्हती. आता तुम्ही अंगण बंद केलं, दार चिणलं. घमेल्याच्या जागी प्लास्टिकचं पिंप आलं. शेजारी रिकाम्या पोत्यांची थप्पी, जिचे जळके तुकडे इथं पडलेत, वर थर्माकोल आणि प्लास्टिकचं सिलिंग. गोवरीची राख चाळली तरी तिच्यात बारीक ठिणग्या राहतात; वरून ती गार लागते, पण पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव धरून बसते. पिंप वितळलं, पोत्यांनी घेतलं, आणि सिलिंगनं बाकीचं केलं. वायरींचा यात काडीचाही संबंध नाही."

"पण हिनं तर सांगितलं, ठिणग्या..." मच्छिंद्रराव बायकोकडं वळले.

सगुणाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "हात घालून पाह्यला व्हता म्या. गार व्हती. खरंच गार व्हती हो." त्यांचा आवाज चिरकला. "तुम्ही शेतातून पळत आले अन् पयल्यांदा काय इचारलं? वायर जळाली का. म्या व्हय म्हणलं. मंग ठिणग्या बी सांगाव्या लागल्या. शेगडीचं नाव निघालं असतं तर माझी पोरगी तोंडघशी पडली असती. म्हणलं, कंपनी पैसे देती, कंपनीला काय कमी हाय. कुणाचं काय जातंय?"

"कंपनी तुम्हाला देते आणि ज्याची चूक ठरली त्याच्याकडून वसूल करते, सगुणाबाई. तुमच्या त्या एका होकारावर नदीमचं दुकान गेलं असतं."

त्यांना हे खरंच माहीत नव्हतं. त्या नदीमकडं बघायला लागल्या, आणि बघता बघता त्यांनी पदर तोंडावर घेतला.

६

नदीम पडलेल्या विटांवर टेकला होता. मला वाटलं आता चिडेल, आणि त्याला तो हक्कच होता.

"म्हणजे माझ्यानं न्हाई झालं?" त्यानं मला विचारलं.

"नाही."

"एक बी जोड ढिला नव्हता?"

"एकही नाही. मी सगळे पाहिलेत."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडला. आसिफा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मच्छिंद्ररावांना कुठं बघावं कळेना. शेवटी ते भगदाडाकडं बघून म्हणाले, "कल्याण, पाणी आण रं प्यायला." कल्याणराव लगबगीनं गेले.

मी मच्छिंद्ररावांना काय लिहिणार ते सांगून टाकलं. आग अपघातानं लागली, कुणाच्या कामातल्या चुकीनं नाही. मूळ घराचं नुकसान द्यावं असं मी म्हणणार होते. मागच्या खोलीचं मात्र काही मिळायची आशा नव्हती, कारण ती कधी कळवलीच नव्हती. आणि बाकीच्यातही कंपनी खुसपट काढू शकत होती. त्यांनी हुज्जत घातली नाही.

"परत बांधताना मागचं दार ठेवतो," ते म्हणाले.

"आणि बांधायच्या आधी कळवा."

शालू केव्हा मधल्या दारात येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नाही. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात फोन. "आई, म्या यांना सांगितलं सगळं," ती म्हणाली. "लई चिडले. येऊन राह्यलेत. आधी लेकराला डॉक्टरकडं न्यायचं म्हणले, मंग बोलू म्हणले."

सगुणाबाई उठल्या. मला वाटलं जावयाच्या धास्तीनं त्या आता खचतील. पण त्यांनी शालूच्या हातातून नात घेतली, विटा ओलांडत नदीमपुढं आल्या आणि ती त्याच्यापुढं धरली.

"घे," त्या म्हणाल्या.

"मावशी, माझे हात..." नदीम दचकून मागं सरला. हात विटांच्या मातीनं आणि डोळ्यांच्या पाण्यानं माखलेले होते. त्यानं ते शर्टाला पुसले, मग पँटला पुसले, मग परत शर्टाला पुसले.

"घे म्हणते ना. बाजारच्या दिशी चार लोकांत सांगीन म्या, माझ्या तोंडानं. पण आधी हिला घे."

त्यानं घेतलं. कोपर अवघडून, श्वास रोखून. मुलीनं डोळे किलकिले केले, त्याच्याकडं पाहिलं आणि मोठी जांभई दिली.

"डोळे मिटले की हिला रोज जळताना बघून राह्यलो व्हतो म्या," तो हळूच म्हणाला. "तोंड आज पाह्यलं."

सगुणाबाई त्याच्या शेजारी विटांवर बसल्या. बाळ परत मागायची घाई त्यांनी केली नाही.